ही हात घालते तेव्हाच

३ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना पुढे आठवत नाही की आपण मोठे नेमके कधी झालो. माझ्या बाबतीत तो घोळ नको.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमची कंपनी आजवर इस्त्र्या, गीझर आणि पाणी तापवायचे रॉड काढत आली. आता माशांच्या टाकीत ठेवायचा हीटर काढते आहे. बाजारात जाण्यापूर्वी कोणीतरी तो घरी वापरून दर आठवड्याला रिपोर्ट द्यायचा. अट एकच, हीटर चोवीस तास चालू हवा, एकदाही बंद करायचा नाही. साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. बाकीचे तेव्हा बूट बघत होते. आत्मविश्वास नाही, दुसरं काय!

रिपोर्ट चांगले आले तर हीटरचं वेगळं खातं निघणार. खात्याला प्रमुख लागणार. साहेब पुढे काही बोलले नाहीत, पण त्यांनी भुवई उचलली.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. दिवसाला एकच चहा. माशांवर रोज दहा पानं वाचणे. टाचांच्या भेगांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या रबरी चपला घरातही घालणे (हा एक संकल्प गेली दोन वर्षं मोडलेला नाही. माझ्यात चिकाटी आहे).

५ नोव्हेंबर

पाचला उठणं सोमवारपासून. आठवड्याच्या मधे सवय लागत नाही.

टाकी आली. चार फुटी, सुंदर. हिला आधी सांगितलं नव्हतं, सरप्राइज. टाकीला खिडकीपाशी जागा उत्तम होती, पण तिथे हिचं शिलाई मशीन. ही लोकांचे पडदे शिवते. मशीन आतल्या खोलीत हलवलं. ही म्हणाली की तिथे उजेड नाही. मी समजावलं की माशांना उजेड लागतो.

आई म्हणाली, घरातल्या माणसांकडे बघायला वेळ नाही आणि आता मासे. आईच्या बोलण्याचा रोख हल्ली कळत नाही. वय.

८ नोव्हेंबर

मासे आले. सहा डिस्कस. बशीसारखे गोल आणि पैसेवाल्यांसारखे नाजूक. मासेवाला म्हणाला, यांना पाणी कायम कोमट लागतं, एक रात्र गार पडलं की सकाळी उताणे. म्हणजे सगळी मदार हीटरवर, आणि हीटरची माझ्यावर.

हीटर मीच बसवला. बसवताना टाकीच्या काठावर जरा आपटला. टिक असा बारीक आवाज झाला. नीट बघितलं, काही नाही. काचेच्या नळीवर केसाएवढी एक रेघ आहे, ती डिझाइनची असावी. प्लगला तीन पिना, भिंतीवरच्या बोर्डाला भोकं दोन. मधे अडॅप्टर लावून काम भागवलं. ती तिसरी जाड पिन कशासाठी असते हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. म्हणजे फार महत्त्वाची नसणार.

रिपोर्ट, आठवडा पहिला: बसवण्यास अत्यंत सोपा.

कामाची वाटणीही करून टाकली. देखरेख मी. माशांना हाताने भरवणं मी, कारण त्यांना मालक कळला पाहिजे. काच घासणं, पाणी बदलणं, फिल्टरची जाळी धुणं ही. हिच्या हातांना कामाची सवय आहे.

११ नोव्हेंबर

टीव्ही बघत होतो. ही टाकीत हात घालून काच घासत होती. एकदम किंचाळली आणि घरभर अंधार. मीटरजवळच्या पेटीत एक पांढरा स्विच आहे, तो पडला होता. वर केला, लाईट आली. सामन्याची शेवटची ओव्हर हुकली.

ही म्हणते पाण्याला करंट येतो. मी मनुष्य निष्पक्षपाती. लगेच उठलो, चपला घातल्या, टाकीपाशी गेलो आणि कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. पाणी छान उबदार. हिच्यासमोर पाच-सहा वेळा घालून दाखवला. ही पदर पिळत होती, पायाखाली सगळं ओलं करून ठेवलेलं.

१३ नोव्हेंबर

पुन्हा तेच. ही हात घालते तेव्हाच स्विच पडतो. मी घालतो तेव्हा पडत नाही. आई जवळून जाते तेव्हा पडत नाही. मासे तर त्यात राहतात.

एकोणीस वर्षं तक्रार विभागात आहे. लोक रोज लिहितात: इस्त्रीला करंट येतो, गीझरचा शॉक बसला, सासूबाई पडल्या. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवतो. उपकरणात दोष नाही, हाताळणीत दोष आहे. आजवर एकही तक्रार मान्य केलेली नाही. विभागात याबद्दल माझा दबदबा आहे. घरची तक्रार आहे म्हणून नियम बदलणारा मी नव्हे.

हिला तेच सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं. हिने विचारलं की मग पाण्यात हात घालायची बरोबर पद्धत कोणती. मी म्हटलं, शांतपणे घालावा. ही हात घालताना चिडलेली असते.

१५ नोव्हेंबर

मी ऑफिसात असताना स्विच पडला. ही पुन्हा वर करायला तासभर गेलीच नाही, म्हणते हात बधिर झाला होता. पाणी दोन डिग्रीने उतरलं. सर्वांत मोठा मासा, ज्याला मी मनातल्या मनात डायरेक्टर म्हणतो, कोपऱ्यात तोंड लपवून बसला होता. त्याची अवस्था बघवेना. जेवण गेलं नाही. (नंतर गेलं.)

उद्या वायरमनला बोलावणार. हे असं चालणार नाही.

१६ नोव्हेंबर

वायरमन आला. दात कोरत पेटी उघडली. म्हणाला लीकेज आहे. जितका करंट जातो तितका परत यायला हवा. वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर हा पांढरा स्विच डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो, म्हणजे माणूस वाचतो. हे सगळं त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. मग म्हणाला, टाकीचे प्लग एकेक काढून बघू, आधी हीटर.

मी म्हटलं, हीटरला हात लावायचा नाही, ऑफिसचा आहे. स्विच वारंवार पडतो ही तक्रार आहे, तर स्विच पडू नये एवढीच व्यवस्था कर.

त्याला पुढे दुसरं काम होतं. म्हणाला, साहेब म्हणतील तसं. टाकीची वायर त्या स्विचच्या अलीकडून थेट जोडून दिली. आता काही झालं तरी टाकीची लाईट जाणार नाही. ही मधे काहीतरी बोलायला आली होती, पण दोन पुरुष कामाचं बोलत असताना बायकांनी मधे येऊ नये हे वायरमनलाही पटलं.

कटकट मिटली. डायरेक्टर पुन्हा मधोमध पोहतो आहे.

१७ नोव्हेंबर

लाईट गेली नाही. यश!

ही मात्र ओरडली, आणि या खेपेला बराच वेळ. ब्रश थेट छताला जाऊन लागला. म्हणते, आधी फटका बसून सुटायचा, आता हात धरून ठेवतो. खरं तर स्विचच नाही म्हटल्यावर हिची तक्रारच उरायला नको होती. पण पालथ्या घड्यावर पाणी.

रिपोर्ट, आठवडा दुसरा: अखंड चालतो. घरातील सर्वांना पसंत.

२० नोव्हेंबर

हिच्या समाधानासाठी टेस्टर आणला. पाण्यात टोक बुडवलं. पेटला.

टेस्टर खराब निघाला. हल्ली काहीही विकतात. दुसरा आणला. तोही पेटला. दोन्ही एकाच दुकानातले होते, तेव्हा नवल नाही. दुकानदाराकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला, हाताळणीत दोष असेल. काय पण माणसं असतात!

२२ नोव्हेंबर

आज हिला निर्णायक मुद्दा सांगितला. पाण्यात करंट असता तर आधी मासे मेले असते. ते चोवीस तास आत असतात, तू पंधरा मिनिटं. बिनतोड. ही उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती.

संध्याकाळी हिला डॉक्टरांकडे नेलं. आत मीच बोललो, कारण हिला नीट सांगता येत नाही. बोटं थरथरतात, शिलाई वाकडी जाते, पाण्याची भीती वाटते, चिडचिड. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि शिरांच्या गोळ्या दिल्या. ही येताना रस्त्यात एवढंच म्हणाली की मला कोणीच काही विचारलं नाही. विचारायचं काय? मी सगळं सांगितलं होतं.

एका गिऱ्हाइकाने पडदे परत पाठवले. शिवण लाटेसारखी गेली आहे म्हणे. हिने सगळी उसवली. आतल्या खोलीत बल्ब मोठा लावू असं मी मोठ्या मनाने सुचवलं.

२५ नोव्हेंबर

विश्वासघात. दुपारी अचानक घरी आलो तर हीटरचा प्लग बाहेर. ही पाणी बदलताना रोज काढून ठेवते, आणि मी यायच्या आत पुन्हा लावते! म्हणजे माझे दोन आठवड्यांचे रिपोर्ट खोटे. एकोणीस वर्षांत माझ्या कागदावर कोणी बोट ठेवलं नाही आणि घरचाच माणूस असं करतो.

मी आवाज चढवला नाही. मी फक्त बोललो. दीड तास.

नंतर ऑफिसातून कंपनीचं कागदी सील आणलं आणि प्लगवर चिकटवलं. सील फाडल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर लाल अक्षरात छापलेलं असतं. खाली सही केली, तारीख घातली. हिला म्हटलं, आता हे फाटलं तर मला कळेल. ही म्हणाली, कळू दे. पण फाडलं नाही. मला धाक ठेवता येतो.

२८ नोव्हेंबर

आईचा प्रकार. माशांच्या खाण्याची पुडी टाकीत पडली, ती काढायला आईने हात घातला. धाडकन खाली बसली. तोंड उघडं, आवाज नाही. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि आईला कवटाळून बसली. दोघी सासू-सुना एकमेकींना धरून. एरवी मिठावरून भांडतात.

मी आईला समजावलं की हे मनाचे खेळ आहेत, एकीचं बघून दुसरीला होतं. शिवाय तुझं वय. आईने विचारलं, हा झटका तुला बसला असता तर? मी म्हटलं, मला बसतच नाही. तेच तर मी तीन आठवडे सांगतो आहे.

त्यानंतर आई टाकीच्या बाजूने जात नाही. भिंतीला धरून लांबून जाते. ही हल्ली पाणी बदलायच्या आधी थोडा वेळ टाकीसमोर नुसती उभी राहते. मग डोळे मिटून हात घालते. बघायला बरं वाटत नाही. साहेब आले तर काय म्हणतील?

रिपोर्ट, आठवडा चौथा (तिसऱ्याचा रिपोर्ट राहिला, दोन्ही एकत्र दिले): ज्येष्ठ नागरिकांनाही आकर्षण वाटते.

२ डिसेंबर

कडाक्याची थंडी. फरशी बर्फासारखी. मी रजईत होतो, उठायला जरा उशीर झाला (साडेआठ). बघतो तर हिने माझ्या रबरी चपला घातलेल्या. न विचारता! आणि टाकीत हात. मी ओरडणार तेवढ्यात लक्षात आलं की ही किंचाळत नाहीये. शांतपणे काच घासते आहे.

मग हिने वेगळंच सुरू केलं. एक पाय चपलेतून काढून फरशीवर टेकवला, हाताच्या बोटाचं टोक पाण्याला लावलं आणि झटक्याने मागे घेतलं. पुन्हा चपला घातल्या, हात घातला, काही नाही. परत पाय काढला. हे बराच वेळ चाललं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने असं लहान मुलीसारखं खेळावं! मी रजईतून म्हटलं, बघ, मन शांत ठेवलं की होत नाही. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

ही वळली आणि माझ्या पायांकडे बघायला लागली. रजई आखूड आहे, पाय बाहेर येतात. कितीतरी वेळ बघत होती. मग चपला पुसून पलंगाखाली जशा होत्या तशा ठेवल्या. शिस्त लागते आहे.

३ डिसेंबर

घरात कमालीची शांतता. ही तक्रार करत नाही. गोळ्यांचा गुण.

साहेब चौदा तारखेला संध्याकाळी सपत्नीक येणार! हीटर घरात कसा चालतो ते स्वतः बघायचं आहे. मी म्हटलं, नुसतं बघू नका साहेब, मी तुमच्यासमोर माशांना हाताने भरवून दाखवतो. डायरेक्टर माझ्या बोटांतून खातो. साहेबांना ते नाव आवडलं नसावं. बदलणार.

५ डिसेंबर

दोघी कालपासून स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलत असतात. मी गेलो की गप्प. बहुतेक साहेबांसमोर काय ठेवायचं याची चर्चा. एकदा आईचा आवाज कानावर आला, पोटचा आहे गं. साहेबांच्या सौभाग्यवतींबद्दल काहीतरी असेल.

संध्याकाळी आईने जवळ बोलावलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ. डोळ्यांत पाणी. प्रमोशनची कुणकुण लागलेली दिसते. ही दारात उभी राहून बघत होती. मी हिला खूण केली, शीक जरा.

६ डिसेंबर

संध्याकाळी घरी येताना जिन्यात वायरमन दिसला. मी हाक मारली तर मान खाली घालून भराभर उतरून गेला. मागच्या खेपेला मी त्याला त्याचंच काम शिकवलं, त्याची लाज वाटत असणार. माणसाने एवढंही मनाला लावून घेऊ नये.

१० डिसेंबर

भाषण तयार. विषय: निर्जीव उपकरण आणि सजीव विश्वास. आरशासमोर तालीम केली. बाह्या दुमडायच्या, दाणे बोटांत धरायचे, हात पाण्यात, आणि तेव्हाच वाक्य: साहेब, विश्वास असा असतो.

आईला म्हणून दाखवलं. आईने विचारलं, हात पूर्ण घालणार का. मी म्हटलं, कोपरापर्यंत. आई उठून आत गेली.

पहाटे पाचला उठणं नव्या वर्षापासून. प्रमुखाला ते शोभेल.

१४ डिसेंबर, रात्र

अक्षर असं येतं आहे कारण पेन खराब आहे.

साहेब वेळेवर आले. फरशी हिने दुपारपासून दोन वेळा पुसली होती, चकाचक आणि ओली. माझ्या चपला सापडेनात. पलंगाखाली नाहीत, दारात नाहीत, मोरीत नाहीत. आईला विचारलं. आई म्हणाली, पाहुण्यांसमोर त्या फाटक्या चपला कशाला, मी धुवून वाळत टाकल्यात. कुठे ते सांगितलं नाही. म्हटलं, ठीक आहे, आई म्हणते त्यात तथ्य आहे. अनवाणी पायांनी माणूस साधा वाटतो, वरिष्ठांना ते आवडतं.

भाषण उत्तम झालं. बाह्या दुमडल्या. साहेब पुढे झुकले. मी हात घातला आणि म्हटलं, साहेब, विश्वा

इथपर्यंत आठवतं.

यापुढचं इतरांच्या सांगण्यावरून. घरात अंधार झाला. कोणीतरी बोंब मारली. मला वाटतं साहेबांच्या पत्नीने. सगळे म्हणतात मी. मी फरशीवर होतो. माझ्या अंगावर टाकीतलं पाणी आणि साहेबांच्या अंगावर मासा होता. साहेबांनी तो शर्टावरून झटकून टाकला. ही अंधारात आली, मासा ओंजळीत उचलून टाकीत सोडला, आणि शांतपणे विचारलं, करंट आला का हो?

मला बोलता येत नव्हतं. हात खांद्यापासून माझा वाटत नव्हता. छातीत धडधड इतकी की ती सगळ्यांना ऐकू जाते आहे असं वाटलं. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. हे मी फक्त इथे लिहितो.

मग साहेबांनी अंधारातच विचारलं, काय हो, आपल्या हीटरमुळे झालं का हे?

एकोणीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली. म्हटलं, नाही साहेब. उपकरणात दोष नाही. हाताळणीत दोष आहे.

साहेब म्हणाले, शाब्बास, हेच रिपोर्टात लिहा. आणि ओल्या शर्टाने निघून गेले. ही कोपऱ्यात उभी होती. हिचा चेहरा दिसत नव्हता ते बरं.

१६ डिसेंबर

प्रमोशन झालं. लेखी.

हीटर पुढच्या महिन्यात बाजारात. नवं खातं निघालं, हीटर तक्रार निवारण. प्रमुख मी. हाताखाली सध्या कोणी नाही. खोली तळमजल्यावर गोडाऊनच्या मागे आहे, खिडकी नाही. उजेडाचं विचारलं तर साहेब म्हणाले मोठा बल्ब लावून घ्या. साहेबांनी हसत पाठ थोपटली आणि म्हणाले, शॉक लागलेल्या माणसाने स्वतःच आमचा दोष नाही म्हणावं, असा प्रमुख शोधून मिळाला नसता.

सही करताना हात थरथरला. तिसऱ्यांदा नीट आली.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं.

१८ डिसेंबर

दोन दिवस विचार करतो आहे. टाकीची वायर थेट होती. काही झालं तरी लाईट जाणार नाही अशी मीच व्यवस्था केली होती. मग चौदा तारखेला अंधार कसा झाला?

संध्याकाळी घरी आलो तर मशीन परत खिडकीपाशी. टाकी रिकामी, कोरडी, त्यात पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे रचलेले. मासे मासेवाल्याकडे परत दिले, डायरेक्टरसकट. हीटर टेबलावर, प्लगवरचं सील मधोमध फाडलेलं. हिने हीटर दिव्यासमोर धरला आणि नळीवरची रेघ दाखवली. म्हणाली, इथून पाणी आत जातं आणि करंट बाहेर येतो, कुठेतरी आपटला असणार. मी म्हटलं, मला आठवत नाही.

मग अंधाराचं विचारलं. ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, वायरमनला बोलावून टाकीची वायर परत त्या पांढऱ्या स्विचवर घेतली. तुम्ही साहेबांसमोर हात घालणार हे माहीत होतं, आणि चपला तेव्हा पायात नसणार हेही माहीत होतं. स्विच नसता तर तुम्ही सुटला नसता.

म्हणजे हिने माझा जीव वाचवला. मला भरून आलं. तसं मी म्हटलंही. एवढं कळत होतं तर लगेच का नाही बोलावलंस वायरमनला, असंही म्हटलं.

हिने सुई कापडात टोचली. हात अजिबात थरथरत नव्हता. म्हणाली, लगेच नाही बोलावलं. बोलावायचं की नाही, यावर आम्ही दोघींनी दोन दिवस विचार केला.

आई पलीकडे बसून माझ्या चपला पुसत होती. तिने मान वर केली नाही. त्या दोन दिवसांत तिचं मत काय पडलं होतं, ते मी विचारलं नाही.